मागे घेताना सुरळीत, पुढे जाताना अडखळत

प्रश्न : माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी ९ वर्षांची असून ती सुमारे ९५,००० किलोमीटर चालली आहे. गिअर हाताने बदलावे लागतात. इंजिन आडवे बसवलेले असून ते पुढची चाके फिरवते. गेल्या ४ महिन्यांपासून थांबलेली गाडी पुढे काढताना किंवा दुसऱ्या गिअरमध्ये वेग वाढवताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर दबते, एखादा गचका देते आणि मग एकदम उचल घेते. एका वेगाने चालताना काहीच जाणवत नाही. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये रेस दिली तरी इंजिन नीट वर जाते. आमच्या मेकॅनिकनी आधी स्पार्क प्लग बदलले, मग फ्युएल पंप बदलला, त्यानंतर थ्रॉटल बॉडी साफ केली, पण फरक पडला नाही. इंजिनाचा दिवा लागत नाही आणि स्कॅनरवर कोडही येत नाही. पेट्रोलची दीर्घकालीन दुरुस्ती, म्हणजे इंजिनाचा संगणक स्वतःहून पेट्रोलात करत असलेली वाढ-घट, आयडलिंगला अधिक १२ टक्के आणि मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर अधिक ११ टक्के दिसते, एवढे त्यांनी लिहून दिले आहे. आता एअर फ्लो सेन्सर बदलू या, असे ते म्हणतात. विचित्र गोष्ट अशी, की गाडी मागे घेताना, अगदी चढावर मागे घेतानाही, हा त्रास कधीच होत नाही. सेन्सर बदलावा का?

उत्तर : सेन्सर सध्या बदलू नये. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आपण ‘विचित्र’ म्हणून अगदी शेवटी लिहिली आहे, आणि माझ्या मते ती मेकॅनिकच्या कानावर पहिल्याच दिवशी गेली असती, तर पंपाचा खर्च बहुधा टळला असता. गाडी पुढे जाताना अडखळते आणि मागे जाताना अडखळत नाही, हे वाचल्याबरोबर माझे लक्ष एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप जिच्यात असते तिथपर्यंत) जाणाऱ्या, भात्यासारख्या घड्या असलेल्या रबरी पाइपकडे गेले. त्या पाइपच्या एखाद्या घडीत चीर पडली असावी, असा माझा अंदाज आहे. गाडी डोळ्यांनी न पाहता बांधलेला हा अंदाज असल्यामुळे तो कशावरून बांधला आणि तो खरा की खोटा हे कसे ठरवावे, हे दोन्ही सविस्तर सांगतो.

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. आपल्या गाडीत हे प्रमाण राखण्याचे काम इंजिनाचा संगणक करतो, पण त्याला हवा दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त एअर फ्लो सेन्सरने दिलेला आकडा. हा सेन्सर फिल्टरच्या डब्याला लागूनच असतो. त्याच्यातील तापवलेली तार येणाऱ्या हवेने थंड होते, आणि तिचे तापमान टिकवून ठेवायला किती वीज लागली त्यावरून किती हवा आत गेली याचा हिशेब होतो. त्या हिशेबानुसार पेट्रोलचा फवारा सोडणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे संगणक ठरवतो. म्हणजेच, जी हवा सेन्सरला वळसा घालून, त्याच्या पुढच्या एखाद्या फटीतून आत शिरते, ती हिशेबाबाहेरची असते. तिच्या वाट्याचे पेट्रोल कोणीच सोडत नाही आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते. यालाच गॅरेजमध्ये ‘मिश्रण लीन झाले’ असे म्हणतात.

आता हे कमी पडणे नेमके ॲक्सिलरेटर दाबतानाच का जाणवते, हे पाहू. एका वेगाने चालताना संगणकाला आपली चूक सुधारायला भरपूर वेळ मिळतो, कारण धुराच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर त्याला सतत सांगत असतो, की ऑक्सिजन शिल्लक राहतो आहे, पेट्रोल वाढव. मात्र हा निरोप मिश्रण जळून धूर त्या सेन्सरपर्यंत पोहोचल्यानंतरचा असतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर थ्रॉटलची झडप उघडते, हवा एकदम आत धावते, आणि सोडलेल्या पेट्रोलातला काही भाग तर वाटेतल्या भिंतींनाच ओला थर होऊन चिकटतो, त्यामुळे त्या क्षणी नेहमीपेक्षा थोडे जास्तच पेट्रोल सोडावे लागते. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये याच कामासाठी वेगळा छोटा पंप बसवलेला असे. आज ते काम संगणक हवेच्या आकड्यावरून करतो, आणि नेमका तोच आकडा अपुरा असेल तर निरोप येऊन दुरुस्ती होईपर्यंतचा अर्धा-पाऊण सेकंद इंजिन उपाशी राहते. आपल्याला जाणवणारे ‘दबणे’ ते हेच, आणि त्यानंतरची एकदम उचल म्हणजे उशिराने पोहोचलेले पेट्रोल.

आपल्या मेकॅनिकनी दोन आकडे लिहून दिले याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे, कारण कोड आला नाही म्हणून पुष्कळ जण स्कॅनर बंद करून मोकळे होतात. दीर्घकालीन दुरुस्ती शून्याच्या आसपास, फार तर ५ टक्के इकडे-तिकडे असावी. अधिक १२ याचा अर्थ असा, की संगणक त्याच्या मूळ हिशेबापेक्षा १२ टक्के जास्त पेट्रोल कायमच सोडतो आहे आणि म्हणून गाडी एरवी ठीक चालते आहे. बऱ्याच गाड्यांत ही दुरुस्ती एकूण २० ते २५ टक्क्यांच्या घरात जाईपर्यंत दिवा लागत नाही आणि पी ०१७१ हा लीन मिश्रणाचा कोडही नोंदला जात नाही. तेव्हा दिवा लागला नाही म्हणून दोष नाही, असे समजण्याचे कारण नाही.

त्याहून बोलके आहे ते या दोन आकड्यांतील साम्य. थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या (इनटेक मॅनिफोल्डच्या) बाजूला एखादी व्हॅक्यूमची नळी फाटली असती, तर आयडलिंगला दुरुस्ती खूप वर गेली असती आणि २,५०० फेऱ्यांवर बरीच खाली आली असती. कारण त्या फटीतून येणारी हवा जवळपास तेवढीच राहते, पण इंजिन ओढत असलेली एकूण हवा वाढल्यामुळे तिचा वाटा नगण्य होतो. उलट पंप अशक्त असता किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबला असता, तर आयडलिंगला सारे ठाकठीक दिसून भार वाढेल तशी दुरुस्ती चढत गेली असती. आपल्याकडे मात्र १२ आणि ११. याचा अर्थ हवेची मोजणीच सर्वत्र सारख्या प्रमाणात कमी भरते आहे. तशी ती दोन कारणांनी भरू शकते : एक तर मोजणारा सेन्सर मळला आहे, किंवा सेन्सर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या पाइपमधून चोरवाटेने हवा येते आहे. मेकॅनिकनी पहिले कारण धरले, ते तर्काला सोडून नाही. परंतु सेन्सर मळला असेल तर तो पुढच्या गिअरमध्ये जितका चुकेल तितकाच मागच्या गिअरमध्येही चुकेल. गाडी कोणत्या दिशेने चालली आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

दिशा कळते ती इंजिनाला. चाकांना पीळ देताना इंजिनाला तेवढाच उलटा पीळ स्वतःला सोसावा लागतो, आणि ते रबरी माउंटांवर, म्हणजे रबरी आधारांवर, बसवलेले असल्यामुळे प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर दाबताना थोडे कलते. पुढे जाताना एका बाजूला कलते, मागे जाताना दुसऱ्या बाजूला. फिल्टरचा डबा गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला, थ्रॉटल बॉडी मात्र इंजिनावर. या दोहोंमधला तो भात्यासारखा पाइप हीच हालचाल सोसण्यासाठी घड्यांचा केलेला असतो. घडीच्या खोबणीत चीर पडली, की इंजिन एका बाजूला कलल्यावर ती जबडा उघडावा तशी उघडते आणि दुसऱ्या बाजूला कलल्यावर मिटते. न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर चाकांना पीळ जात नाही, म्हणून इंजिन फारसे कलत नाही आणि चीर अर्धवट मिटलेलीच राहते. आपल्या १२ आणि ११ या आकड्यांना ती अर्धवट चीर पुरेशी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये पीळ सर्वांत जास्त, म्हणून त्रासही तिथेच. आपण लिहिलेली प्रत्येक खूण या एका चिरेत बसते, आणि दुसऱ्या कोणत्याही एका दोषात त्या सगळ्या बसवून पाहिल्या तर एखादी तरी बाहेर राहते. मागे घेताना आपण सहसा ॲक्सिलरेटर जोरात दाबत नाही, ही शंका मलाही आली असती. पण चढावरही त्रास होत नाही, असे आपण आवर्जून लिहिले आहे, त्यामुळे ती बाजूला ठेवतो.

तपासणी घरच्या घरीही करता येईल. इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. पाइपच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा आधी हाताने हलवून पाहाव्यात, कारण थ्रॉटल साफ करताना हाच पाइप काढावा लागतो आणि परत बसवताना एखादी क्लिप तिरकी राहिली असेल तर मूळ दोषात आणखी भर पडलेली असू शकते. नंतर दोन्ही क्लिपा सैल करून पाइप बाहेर काढावा. त्याला आणखी एखादी बारीक नळी किंवा सेन्सरची वायर जोडलेली असेल तर ती ओढू नये, तिचा खटका दाबूनच सोडवावी. सेन्सर आणि थ्रॉटलची उघडी तोंडे स्वच्छ कापडाने झाकावीत, म्हणजे स्क्रू किंवा कचरा आत पडणार नाही. मग पाइप उजेडात धरून दोन्ही हातांनी ताणावा, वाकवावा, पिळावा आणि प्रत्येक घडीची खोबण उघडून पाहावी, विशेषतः खालच्या अंगाची. जागेवर बसलेला पाइप वरून पाहिला तर तो दहांतील नऊ वेळा धडधाकट दिसतो; चीर बहुधा खालच्या बाजूला, घडीच्या तळाशी आणि पाइप ताणल्याशिवाय न दिसणारी असते. आपल्या मेकॅनिकनी थ्रॉटल साफ करताना हाच पाइप हातात घेऊन बाजूला ठेवला असणार आणि तो वाकवून पाहण्याचे त्यांना सुचले नसणार, अशी मला दाट शंका आहे. त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. स्वतः उमेदवारी करत असताना मीही असाच एक पाइप दोनदा काढून परत बसवला होता.

चीर सापडली तर पाइप नवाच घ्यावा. रबराला चिकटपट्टी गुंडाळून दोन दिवस निघतात आणि अंदाज बरोबर होता की नाही हे पडताळण्यापुरती ती युक्ती चांगलीही आहे : पाइप कोरडा पुसून चिरेवर घट्ट पट्टी गुंडाळावी, गाडी चालवून पाहावी, आणि अडखळणे थांबले तर निदान पक्के झाले असे समजावे. पण उष्णता आणि तेलाच्या वाफा यांपुढे पट्टी टिकत नाही, आणि चिरेतून येणारी हवा फिल्टरमधून गाळून आलेली नसल्यामुळे तिच्याबरोबरची धूळ सिलिंडरमध्ये घासत राहते. नवा पाइप बसवताना इंजिनाची माउंटेही तपासून घ्यावीत. ९५,००० किलोमीटरनंतर एखादे माउंट फाटलेले किंवा दबलेले निघाले तर नवल नाही. इंजिन वाजवीपेक्षा जास्त कलत असेल तर नवा पाइपही त्याच जागी फाटेल.

पाइप सर्वत्र धडधाकट निघाला, तर माझा अंदाज चुकला असे समजून पुढे जावे, पण क्रम सोडू नये. दिशेची खूण तरीही खरीच आहे, म्हणून इंजिनाच्या कलण्याबरोबर ताणल्या जाणाऱ्या इतर गोष्टी आधी पाहाव्यात : एअर फ्लो सेन्सरची, थ्रॉटलची आणि कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाची) वायर, त्यांचे कनेक्टर, आणि इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी अर्थची पट्टी. इंजिन चालू असताना एकेक वायर हलक्या हाताने हलवून इंजिनाच्या आवाजात फरक पडतो का, हे दुसऱ्या माणसाने ऐकावे. फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात व कपडे दूर ठेवावेत. तिथेही काही नसेल तर गॅरेजमध्ये धुराची चाचणी करून घ्यावी, ज्यात हवेच्या वाटेत अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि तो जिथून बाहेर येईल ती गळती. गरम इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याची जुनी पद्धत अजून दिसते. तिला मी कधीच होकार देणार नाही.

सेन्सरची पाळी त्यानंतर येते, आणि तेव्हाही आधी तो साफ करावा, बदलू नये. त्यासाठी एअर फ्लो सेन्सरकरिताच मिळणारा स्प्रे वापरावा. कार्ब्युरेटरचा किंवा ब्रेकचा क्लीनर त्याच्या नाजूक तारेला आणि प्लॅस्टिकला घातक ठरू शकतो. तारेला बोट किंवा कापड लावू नये आणि सेन्सर पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नये. तेल लावायचे एअर फिल्टर जे लोक वापरतात, त्यांच्याकडे हा सेन्सर मळू शकतो. आपल्या गाडीत तसा फिल्टर असेल तर साधा कागदी बसवावा. चीर पाइपला आणि नवा सेन्सर गाडीला, असे झाले तर ते चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे होईल, कारण बिचारा सेन्सर त्याच्यासमोरून गेलेली हवा बरोबरच मोजत होता.

बदललेल्या भागांबद्दल थोडे सांगायला हवे. प्लगची शंका मुळात गैर नव्हती : भार पडल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून कमकुवत प्लग किंवा तडा गेलेली कॉइल आयडलिंगला गप्प राहून नेमकी चढावर गचके देते. फक्त तो गचका ॲक्सिलरेटर दाबताच संपत नाही. भार असेपर्यंत तो पुनःपुन्हा येतो आणि बहुतेक वेळा एखाद्या सिलिंडरच्या मिसफायरची, म्हणजे मिश्रण न पेटण्याची, मोजणी स्कॅनरवर वाढलेली दिसते. नव्या प्लगच्या टोकांमधले अंतर गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळते का, एवढे मात्र पाहून घ्यावे. बहुतेक गाड्यांत ते ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. फ्युएल पंपाबाबत मात्र मला नाराजी नोंदवावीशी वाटते. दाब मोजायला पाइपलाइनवर एक गेज लावावा लागतो आणि फार तर अर्धा तास जातो. मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या बऱ्याच इंजिनांत हा दाब ३ ते ४ बार असतो, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो कोसळला नाही, तर पंप निर्दोष आहे हे पंप न काढता कळते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार झाला. जुना पंप त्यांच्याकडे अजून पडून असेल तर तो मागून घ्यावा. तो चांगलाच असण्याची शक्यता आहे.

धुराची वाट तुंबल्याची शंका आपल्या बाबतीत मला येत नाही, कारण त्यात गाडी क्षणभर दबून सावरत नाही, वेग वाढेल तशी अधिकाधिक गुदमरते. क्लच घसरत असता तर इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या असत्या आणि गाडी मागे राहिली असती. आपल्याकडे फेऱ्याच अडकतात.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही, परंतु रहदारीचा रस्ता ओलांडताना किंवा समोरून वाहन येत असताना ओव्हरटेक करण्यासाठी तिच्या उचलीवर विसंबू नये. तो अर्धा सेकंद तिथे महाग पडतो. ॲक्सिलरेटर एकदम न दाबता हळूहळू दाबला तर दुरुस्तीचा निरोप वेळेत पोहोचतो आणि गचका कमी बसतो. इंजिनाचा दिवा नुसता लागला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्यावी. तो लुकलुकू लागला तर मात्र वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे, कारण तेव्हा न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असते आणि तो भाग तापून निकामी होऊ शकतो.

पाइप बदलल्यावर मेकॅनिकना सांगून संगणकाने शिकलेली दुरुस्ती स्कॅनरने पुसून घ्यावी आणि थ्रॉटलची आयडलिंग नव्याने शिकवण्याची जी पद्धत आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल ती पार पाडावी. जुने अधिक १२ तसेच राहिले तर पहिले काही दिवस पेट्रोल जास्त पडून गाडी जड वाटेल आणि दुरुस्ती फसली असा गैरसमज होईल. त्यानंतर आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवून तेच दोन आकडे, आयडलिंगचा आणि २,५०० फेऱ्यांचा, पुन्हा वाचून घ्यावेत. दोन्ही ५ च्या आत आले आणि पुढच्या गिअरमध्येही गाडी मागच्या गिअरसारखीच निघाली, तर काम झाले. आकडे १० च्या वरच राहिले तर ते दोन्ही आणि गाडी चालवताना ॲक्सिलरेटर दाबल्या क्षणी दिसलेली अल्पकालीन (संगणकाने त्या क्षणापुरती केलेली) दुरुस्ती, जी शेजारी बसलेल्या माणसाने वाचायची आहे, असे तिन्ही आकडे मला लिहून पाठवावेत.